डोंगरात हिम पडणार, पाऊस पडणार की रस्ता काचेसारखा गोठणार? हिवाळ्याचा अंदाज घरबसल्या कसा काढायचा

सुरुवातीलाच एक गोची सांगून टाकतो. आपण आभाळातून भुरभुर पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि रस्त्यावर काचेसारखा जमतो त्यालाही बर्फच म्हणतो, आणि अंदाजात निम्मा घोळ तिथेच होतो, कारण या दोन गोष्टी वेगवेगळ्या हवेत तयार होतात आणि कधीकधी तर एक टळली म्हणूनच दुसरी होते. म्हणून या लेखापुरतं वरून पडतं ते हिम आणि खाली गोठतो तो बर्फ, असं धरून चला.

दुसरं म्हणजे मोबाइलच्या अ‍ॅपमधलं ते ढग आणि चांदणीचं चित्र. सपाट प्रदेशात ठीक आहे, पण डोंगरात एका गावाचा अंदाज म्हणजे नेमका कोणत्या उंचीचा अंदाज हे ते चित्र सांगतच नाही. डोंगरातला सगळा खेळ उंचीचा आहे. उद्या हिम पडेल का, हा प्रश्नच अर्धवट आहे, किती मीटरच्या वर पडेल असं विचारायचं.

आधी उंच्या लिहून काढा

कागद घ्या, ज्या भागाचा अंदाज काढायचाय तिथल्या चार-पाच जागांच्या उंच्या लिहा: खालचं गाव, रस्त्यावरचा पूल, घाटमाथा, आसपासचं शिखर. डोंगराची रांग कोणत्या दिशेने पसरलीय आणि दरी कुठल्या बाजूला उघडते हेही लिहा, पुढे लागणार आहे.

मग ज्या मॉडेलवरून, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या हवामानाच्या ज्या गणितावरून अंदाज घेताय त्याने तुमच्या जागेची उंची किती धरलीय ते बघा. युरोपियन मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकोनांत काम करतं, अमेरिकन जीएफएस साधारण १३ किलोमीटरच्या. ९ किलोमीटरमध्ये एक अख्खी दरी आणि दोन्ही बाजूंचे कडे आरामात बसतात, त्यामुळे मॉडेलला शिखरही दिसत नाही आणि दरीही नाही, मधलीच कुठलीतरी गुळगुळीत टेकडी दिसते. बऱ्याच वेबसाइटवर ही मॉडेलची उंची बारीक अक्षरात दिलेली असते.

एक उदाहरण घेऊ, शेवटपर्यंत हेच वापरू. गाव १५०० मीटरवर, घाटमाथा २४०० वर, आणि मॉडेलने धरलेली उंची १९००. मॉडेल म्हणतंय तापमान १ अंश. हवा सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते, तर माथा मॉडेलपेक्षा ५०० मीटर वर म्हणजे सव्वातीन अंशांनी थंड, उणे सव्वादोनच्या आसपास, आणि गाव ४०० मीटर खाली म्हणजे अधिक साडेतीनच्या आसपास. आकडा एकच होता पण माथ्यावर कोरडं भुरभुरीत हिम आणि गावात पाऊस, असे दोन अंदाज त्यातून निघाले. हां, हे गणित वारा वाहता असेल, ढग असतील तेव्हाच बरं चालतं. शांत, निरभ्र रात्री थंड हवा घरंगळत दरीत जाऊन बसते आणि गावच माथ्यापेक्षा गार होतं, तेव्हा हे गणित सरळ उलटं पडतं.

वारा कुठून येतोय

उंचावरचा वारा बघायचा. जमिनीवरचा नाही, तो दरीच्या आकाराप्रमाणे वळतो आणि फसवतो. हवामानाच्या नकाशांत उंची हवेच्या दाबावरून सांगतात: ८५० हेक्टोपास्कल दाबाची पातळी साधारण १५०० मीटरवर असते, ७०० ची साधारण ३००० वर आणि ५०० ची साडेपाच हजारांच्या आसपास. तुमचा डोंगर १५०० मीटरपेक्षा उंच असेल तर ८५० चा नकाशा तिथे जमिनीच्या आतला आकडा दाखवत असतो, म्हणजे गणिताने काढलेला, खरा नव्हे. तिथे ७०० बघा.

ओलसर वारा रांगेला काटकोनात धडकला की हवेला वर चढावंच लागतं, चढताना ती गार होते, ढग होतात, हिम पडतं. रांगेला समांतर वाहिला तर तितकाच ओला वारा असूनही फारसं काही पडत नाही. आल्प्समध्ये वायव्येकडून वारा आला की उत्तरेकडचे उतार भरतात, आणि भूमध्य समुद्रावर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की दक्षिणेकडचे. पश्चिम हिमालयात हिवाळ्यातलं हिम मुख्यतः पश्चिमी विक्षोभांचं, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळांचं. जपानमध्ये तर आणखी मजा, सायबेरियातून येणारी हवा मुळात कोरडीठाक असते, ती जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि पलीकडच्या डोंगरांवर ओतते. उत्तर जपानमधल्या सुकायू ओन्सेनला फेब्रुवारी २०१३ मध्ये जमिनीवर ५६६ सेंटिमीटर हिम मोजलं गेलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन मजली घर.

डोंगराच्या पलीकडच्या बाजूला काय होतं तेही बघा. ढगातून चढताना हवा दर किलोमीटरला पाच-सहा अंशच गार होते, पण पाणी टाकून कोरडी झालेली तीच हवा खाली उतरताना दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. म्हणून माथ्याच्या अलीकडे धो धो हिम आणि पलीकडे कोरडं, उबदार वारं, असं दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतरात होऊ शकतं.

हिमरेषा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

भूगोलाच्या पुस्तकातली कायमच्या बर्फाची रेषा ती वेगळी. इथे हिमरेषा म्हणजे आज, या वादळात, किती उंचीपर्यंत हिम खाली येईल.

मॉडेलमध्ये शून्य अंशाची उंची दिलेली असते. नवशिके तीच हिमरेषा धरतात आणि चुकतात, कारण हिमाच्या पाकळ्या शून्याची पातळी ओलांडली की लगेच वितळत नाहीत, वेळ लागतो. ढोबळमानाने हिमरेषा शून्याच्या पातळीपेक्षा ३०० मीटर खाली धरा. आपल्या उदाहरणात १९०० वर १ अंश आहे, म्हणजे शून्याची पातळी साधारण २०५० आणि हिमरेषा १७५०, माथा आत, गाव बाहेर. इथवर सोपं आहे. पण हे ३०० मीटर म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, आणि दोन गोष्टी तिला खाली ओढतात.

पहिली, कोरडी हवा. हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या थेंबांचं, पाकळ्यांचं बाष्पीभवन होतं आणि त्यात हवेतली उष्णता खर्च होते, हवा गार पडते. किती गार पडेल हे वेट बल्ब तापमान सांगतं. ते अ‍ॅपमध्ये नसलं तर एक कामचलाऊ युक्ती: तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन जमायला लागतं तो आकडा) यांच्यातला फरक घ्या, त्याचा एक तृतीयांश तापमानातून वजा करा. तापमान ३, दवबिंदू उणे ७, फरक १०, त्याचा तिसरा हिस्सा साधारण ३.३, म्हणजे वेट बल्ब शून्याच्या जरा खाली. आणि वेट बल्ब अर्धा-एक अंशाच्या खाली असला की हिम पडू शकतं, थर्मामीटर ३ दाखवत असला तरी.

माझा सगळ्यात लाजिरवाणा अंदाज अगदी याच आकड्यांवर गेलाय. संध्याकाळी ३ अंश बघितले, बरोबरच्या मंडळींना छातीठोकपणे सांगितलं की नुसता पाऊस आहे, गाडी उतारावर राहू द्या. दवबिंदू बघितलाच नाही. सुरुवात पावसानेच झाली, मग तासाभरात काचेवरचे थेंब बदलायला लागले, पडला की गोल टिपका न होता पसरट, दाटसर डाग व्हायचा आणि तो अर्धा सेकंद तसाच राहून मग वितळायचा. ते दिसलं तेव्हाच उठून गाडी हलवायला हवी होती. सकाळी गाडी कुठंय ते शोधायला काठी लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे पडण्याचा जोर. हिम वितळताना आजूबाजूच्या हवेतून उष्णता घेतं, एक किलो वितळायला ३३४ किलोज्यूल. हिशोब केला तर १० मिलिमीटर पाण्याएवढं हिम वितळलं की एक किलोमीटर जाडीचा हवेचा थर सुमारे ३ अंशांनी गार होऊ शकतो. उघड्या मैदानावर वारा नवी उबदार हवा आणत राहतो म्हणून फरक दिसत नाही, पण अरुंद, तिन्ही बाजूंनी बंद दरीत तीच हवा अडकून राहते आणि जोराचा वर्षाव सुरू राहिला तर हिमरेषा हळूहळू दरीच्या तळाकडे घसरत येते, शून्याच्या पातळीखाली ५००-६०० मीटर किंवा आणखीही. मॉडेलला दरीच दिसत नाही तर हे कुठून दिसणार? म्हणून अरुंद दरी, मंद वारा आणि तासाला दोन-तीन मिलिमीटरच्या वर पाणी, हे तिन्ही जुळले की मी मॉडेलच्या हिमरेषेतून बेधडक दोन-तीनशे मीटर कमी करतो. पाऊस मंदावला की रेषा पुन्हा वर जाते, तेही लक्षात ठेवा.

किती पडेल

मॉडेल हिमाचे सेंटिमीटर देतं ते बाजूला ठेवा. आधी पाण्याचे मिलिमीटर बघा आणि सेंटिमीटर स्वतः काढा.

एक मिलिमीटर पाण्याचं एक सेंटिमीटर हिम, म्हणजे दहाला एक, हा नियम सगळीकडे सांगतात. सरासरीच्या आसपास कुठेतरी तो बसतो, पण कोणत्याही एका वादळाला क्वचितच. शून्याच्या आसपासचं ओलं, जड हिम पाच ते सातपट, उणे तीन-चारला साधारण दहापट, चांगल्या थंडीत पंधरापट, आणि हलकं पिसासारखं असेल तर वीसपटीच्याही वर.

आणि हे फक्त जमिनीवरच्या तापमानावर नसतं, ढगात पाकळ्या कुठे वाढल्या त्यावर असतं. उणे १२ ते उणे १८ या पट्ट्यात, विशेषतः उणे १५ च्या आसपास, त्या फांद्या फुटलेल्या, नक्षीदार सहा टोकांच्या पाकळ्या सगळ्यात भराभर वाढतात, आणि त्या एकमेकींवर पडल्या की मध्ये भरपूर हवा राहते म्हणून थर जाड होतो. कोणत्या तापमानाला कोणता आकार होतो हे उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञाने होक्काइदोमध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवून शोधलं, पहिला कृत्रिम स्फटिक १९३६ चा. अंदाज काढणाऱ्याने यातून एवढंच उचलायचं: उभ्या छेदाचा आलेख, म्हणजे जमिनीपासून वर उंचीप्रमाणे हवा कशी बदलते ते दाखवणारा आलेख उघडा, हवा सगळ्यात जोरात वर चढतेय ती उंची बघा, तिथलं तापमान उणे १५ च्या जवळ असलं तर पटीचा आकडा वाढवा. जोराचा वारा असेल तर मात्र कमी करा, पाकळ्यांच्या फांद्या आपटून मोडतात आणि थर दाबून बसतो.

आपल्या उदाहरणात २४ तासांत २० मिलिमीटर पाणी आहे. माथ्यावर दहा-बारापट धरली तर २० ते २४ सेंटिमीटर, आणि माथा वाऱ्याच्या तोंडावर असेल तर मॉडेलने डोंगर बुटका केल्यामुळे पाणीच कमी दाखवलेलं असतं, म्हणून मी ३० पर्यंत ठेवीन. गावात समजा निम्मा वेळ पाऊस आणि मग ओलं हिम, १० मिलिमीटरचं पाच-सहापट, त्यातलं सुरुवातीचं उबदार जमिनीवर वितळणार, म्हणजे तीन-चार सेंटिमीटर चिखलासारखं. पण ते ओलं हिम झाडांना आणि तारांना चिकटतं, त्यामुळे वीज जायची शक्यता माथ्यापेक्षा गावातच जास्त.

गोठणारा पाऊस, हा खरा शत्रू

हिमापेक्षा मला याची भीती वाटते. वर उबदार हवेचा थर, खाली जमिनीलगत शून्याखालची हवा, अशी उलटी रचना झाली की हिम वरच्या थरात वितळतं, आणि मग खालच्या थरात पुन्हा गोठायला वेळ मिळाला नाही तर शून्याखाली जाऊनही पाणीच राहतं, आणि रस्ता, फांदी, तार, जिथे टेकेल तिथे त्याची काच होते.

उभ्या छेदात उबदार नाक शोधा, म्हणजे तापमानाची रेघ मध्येच शून्याच्या उजवीकडे फुगते ती जागा. फुगवटा १ ते ३ अंशांचा असेल तर पाकळ्या अर्धवट वितळतात, आतला कण शिल्लक राहतो आणि खाली तो पुन्हा गोठून टणटण उड्या मारणारे बर्फाचे दाणे पडतात. ३ अंशांच्या वर गेला तर पूर्ण वितळतात आणि मग गोठणारा पाऊस. खालचा थंड थर चांगला जाड आणि कडक असेल तर तेही थेंब गोठून दाणे होतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

डोंगरात हे कुठे होतं? जिथे थंड हवा दरीत साचून बसलीय किंवा खिंडीतून सतत पाझरतेय, आणि वरून उबदार, ओला वारा सरकतोय. अमेरिकेतली कोलंबिया नदीची घळई याचं ठळक उदाहरण, पूर्वेकडची थंड हवा त्या घळईतून पश्चिमेला वाहत राहते आणि पोर्टलंडच्या बाजूला बर्फाचा थर चढतो. मॉडेलं अशी साचलेली थंडी नेहमी लवकर घालवतात. मॉडेल म्हणालं सकाळी नऊला तापमान शून्याच्या वर जाईल, तर अरुंद दरीसाठी दुपार धरा.

आणखी एक चोर म्हणजे गोठणारी रिमझिम. ढगाचा माथाच उणे १० पेक्षा उबदार असेल तर ढगात हिमकण सहसा तयारच होत नाहीत, शून्याखालचं पाणीच बारीक थेंबांनी पडतं. रडारवर जवळजवळ काही दिसत नाही आणि रस्ता मात्र तेल ओतल्यासारखा.

वादळ गेल्यानंतरचा बर्फ

आकाश मोकळं झालं, चांदण्या दिसल्या की लोकांना वाटतं सुटलो. उलट तेव्हाच रस्त्यावरचा बर्फ होतो. दिवसा कडेचं हिम वितळून पाणी रस्त्यावर येतं, रात्री ढग नसल्यामुळे जमीन आपली उष्णता वर सोडत राहते. हवेचं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटरवर मोजलेलं असतं, तिथे अधिक २ असताना खाली डांबर उणे १ असू शकतं. पुलाला खालूनही वारा लागतो आणि मातीची ऊब मिळत नाही, म्हणून पूल आधी गोठतो. कागदावर लिहिलेला तो पूल आठवतोय ना? त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या वळणांवर हिवाळ्यात दुपारीही ऊन येत नाही, तिथे ब्लॅक आइस, म्हणजे डांबरावर नजरेला न दिसणारा पातळ बर्फ, दिवसभर टिकतो.

रात्री बघायचं ते एवढंच: ढग जाणार का, वारा पडणार का, रस्ता ओला आहे का. तिन्हीला हो आलं तर हवेचं तापमान ३ असलं तरी बर्फाचा इशारा लिहा. हिमस्खलनाचा अंदाज हा वेगळा, शिकून करायचा धंदा आहे, घरबसल्या करू नका. फक्त २४ तासांत ३० सेंटिमीटरच्या वर, जोराचा वारा, किंवा नव्या हिमावर पाऊस आणि अचानक ऊब, यातलं काहीही दिसलं तर ३० ते ४५ अंशांच्या उतारांखालून जाणं टाळा आणि स्थानिक हिमस्खलन केंद्राचं पाच पातळ्यांचं पत्रक वाचा.

एक आकडा सांगू नका

युरोपियन मॉडेल एकाच वेळी थोडीथोडी वेगळी सुरुवात देऊन ५१ अंदाज चालवतं. पाच दिवस आधी त्यातल्या हिमरेषा १३०० ते २१०० अशा पसरलेल्या असतील तर तुम्हाला काहीच ठाऊक नाही, हे मान्य करा आणि तसंच सांगा. दोन दिवस आधी पसारा १६०० ते १९०० वर आला की गावात मुख्यतः पाऊस, शेवटी हिम मिसळू शकतं, माथा नक्की पांढरा, असं म्हणता येतं. मॉडेलचा नवीन रन, म्हणजे नव्याने चालवलेला अंदाज, आला की मत फिरवत बसू नका, तीन-चार रन एकाच दिशेने सरकले तरच बदला.

आणि वेळ सांगा. २० सेंटिमीटर पहाटे रिकाम्या रस्त्यावर पडणं आणि सुट्टीच्या संध्याकाळी गाड्यांच्या रांगेवर पडणं यात जीवनमरणाचा फरक असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या डोंगरातल्या पर्यटनस्थळाच्या रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्या रात्रभर हिमात अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीच गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेली असं तेव्हा सांगितलं गेलं. अंदाजाच्या खाली मी म्हणून कायम एक ओळ टाकतो, की अडकलात तर इंजिन सुरू करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडापुढचं हिम काढा.

वादळ सुरू झाल्यावर आणि नंतर

आता मॉडेल बंद, डोळे उघडे. वेगवेगळ्या उंचीवरची हवामान स्टेशनं आणि वेबकॅम उघडून ठेवा, खालून वर बघत जा, कुठल्या कॅमेऱ्यात रस्ता पांढरा व्हायला लागतोय ती तुमची खरी हिमरेषा. दर तासाला लिहा. डोंगरात रडारचा किरण कड्यांमागे अडतो, शिवाय वितळणारं हिम रडारवर खऱ्यापेक्षा जास्त ठळक दिसतं, तेव्हा लाल रंग बघून घाबरू नका आणि रिकामी जागा बघून निर्धास्तही होऊ नका.

मोजायला पांढरी रंगवलेली फळी, आडोशाला पण छपरापासून लांब. दर सहा तासांनी मोजायचं असं ठरवलं तर कायम सहाच, कारण हिम स्वतःच्या वजनाने बसत जातं आणि २४ तासांनी एकदाच मोजलं तर आकडा कमी येतो. मोजून झालं की लगेच फळी पुसू नका. आधी सरळ उभ्या कडांच्या डब्यात त्याच थराचा एक उभा तुकडा घ्या, मग फळी पुसा; तो तुकडा वितळवा, पाणी किती झालं बघा आणि पटीचा आकडा काढा. वहीत चारच रकाने: मॉडेलची शून्याची पातळी, खरी हिमरेषा, पाणी, पट. एका हिवाळ्यात पंधरा-वीस वादळं लिहून झाली की कळतं, वायव्येच्या वाऱ्यात तुमच्या दरीत हिमरेषा दरवेळी मॉडेलच्या दोनशे मीटर खाली येते आणि नैऋत्येच्या वाऱ्यात अजिबात येत नाही, आणि हे तुमच्या वहीशिवाय दुसरं कोणी तुम्हाला सांगणार नाही.